किटमधून छोटा एफएम ट्रान्समीटर बनवताना: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

एका ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या एफएम ट्रान्समीटरच्या किटमध्ये जेमतेम दहा-बारा भाग असतात आणि त्याची आकृती पोस्टकार्डावर मावते. त्यामुळे नवखा माणूस ते तासाभराचे काम समजून बसतो. प्रत्यक्षात एलईडी लुकलुकवणारे किट ज्याने पहिल्या फटक्यात चालवले, त्याचेही हे किट पुष्कळदा मुके राहते किंवा रेडिओच्या पट्ट्याबाहेर कुठेतरी बोलत बसते. याचे कारण भागांच्या संख्येत नसून वारंवारतेत आहे. साधारण १०० मेगाहर्ट्झवर तारेचा प्रत्येक सेंटीमीटर हा सर्किटचा एक भाग होतो आणि तो आकृतीत कुठेच दाखवलेला नसतो. पुढच्या सर्व पायऱ्या याच गोष्टीभोवती रचल्या आहेत. हा लेख माइक असलेल्या साध्या, एका ट्रान्झिस्टरच्या किटबद्दल आहे.

१. सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी नियम पाहा

एफएम प्रसारणाचा पट्टा बहुतेक देशांत ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ असा आहे आणि त्यावर परवान्याशिवाय प्रसारण करण्यास एक तर बंदी असते किंवा अगदी तुटपुंज्या शक्तीपुरती सूट असते. ही सूट किती तुटपुंजी आहे हे आकड्यांवरून कळते. युरोपात अशा छोट्या उपकरणांसाठी प्रसारित शक्तीची मर्यादा ५० नॅनोवॉट आहे, तर अमेरिकेत ३ मीटर अंतरावर क्षेत्राची तीव्रता मीटरमागे २५० मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त चालत नाही. किटमधला ट्रान्झिस्टर सहज ५ मिलिवॉट निर्माण करू शकतो, म्हणजे ५० नॅनोवॉटच्या एक लाखपट. यातली थोडीच शक्ती हवेत जाते हे खरे असले, तरी पूर्ण लांबीचा अँटेना जोडताच ही मर्यादा ओलांडली जाईल हे गृहीत धरा. तुमच्या देशातील वायरलेस नियमन संस्थेचे नियम आधी वाचा. परवाना नसेल, तर अँटेनाशिवाय, एका खोलीपुरती आणि थोड्याच वेळाची चाचणी एवढ्यावरच थांबा. तेवढ्यालाही सूट नसेल, तर किट जोडून ठेवा, पण चालू करू नका.

पट्ट्याची वरची कड विशेष सांभाळावी लागते. १०८ मेगाहर्ट्झच्या लगेच वर विमानांचा पट्टा सुरू होतो. १०८ ते ११८ या भागात विमानाला दिशा आणि धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारी यंत्रणा चालते, तर ११८ ते १३७ या भागात वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे चालते. कॉइलचे (गुंडाळलेल्या तारेचे) एक वेटोळे कमी पडले, तर तुमचा ट्रान्समीटर नेमका तिथे जाऊन बसू शकतो. म्हणून या लेखात ट्यूनिंग नेहमी खालच्या बाजूने वर नेले आहे.

आणखी एक गोष्ट. माइक असलेला ट्रान्समीटर कोणाच्या नकळत त्याच्या खोलीत ठेवणे म्हणजे चोरून ऐकणे होय आणि तो जवळपास सर्वत्र गुन्हा आहे.

२. किट निवडणे

पहिल्या प्रयत्नासाठी छापील पीसीबी, म्हणजे तांब्याच्या वाटा छापलेली पाटी, असलेलेच किट घ्या. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीवर, जोडायची किटेही मिळतात, परंतु ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या ओळींमध्ये काही पिकोफॅरडची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आपसूकच असते. हे सर्किट ज्या ५ किंवा १० पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर चालते, त्याच्या तुलनेत ही भर फार मोठी ठरते. ब्रेडबोर्डवर ते कधी चालते, कधी चालत नाही, आणि दोन्ही वेळा कारण हाती लागत नाही.

किटमध्ये ट्रिमर, म्हणजे स्क्रूने फिरवता येणारा छोटा कपॅसिटर, आहे ना हे पाहा. तो नसेल, तर सगळे ट्यूनिंग कॉइल ताणून करावे लागते आणि नवख्याला ते जिकिरीचे जाते. बीएच १४१७ सारख्या चिपवर आधारलेली किटे वेगळ्या जातीची असतात. त्यांत ७.६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलशी बांधलेले पीएलएल, म्हणजे वारंवारता धरून ठेवणारे सर्किट, असते, त्यामुळे वारंवारता जागची हलत नाही. गाणी ऐकण्यासाठी ती केव्हाही उजवी आहेत. मात्र ऑसिलेटर (आंदोलने निर्माण करणारे सर्किट) कसा चालतो हे समजून घ्यायचे असेल, तर एका ट्रान्झिस्टरचे किटच जास्त शिकवते, असे माझे मत आहे.

३. जवळ ठेवायची हत्यारे

- बारीक टोकाचे २५ ते ३० वॉटचे सोल्डरिंग आयर्न. तापमान ठरवता येत असेल, तर ३२० ते ३५० अंश सेल्सिअस.
- रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणूनचा पदार्थ) असलेली बारीक सोल्डर तार. नळकामाचे आम्लयुक्त फ्लक्स मुळीच नको, कारण ते पीसीबी खाऊन टाकते.
- मल्टिमीटर, चिमटा, साइड कटर आणि ब्लेड किंवा बारीक पॉलिशपेपर.
- ५ मिलिमीटरचे ड्रिल बिट, कॉइल गुंडाळण्यासाठी.
- ट्रिमर फिरवण्यासाठी प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर.
- शक्य असल्यास वेगवेगळ्या प्रकारचे दोन एफएम रेडिओ. कारण आठव्या पायरीत येईल.

प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर नाही म्हणून धातूच्या स्क्रूड्रायव्हरवर वेळ मारून नेऊ नका. धातूचे टोक ट्रिमरला लागले की वारंवारता एका जागी असते आणि हात काढला की दुसऱ्या जागी जाते, आणि मग सगळी दुपार त्यातच जाते. प्लॅस्टिकची जाड पट्टी घासून तिला सपाट टोक काढले तरी काम भागते.

४. सर्किट एकदा डोळ्यांखालून घालणे

दोष शोधताना उपयोगी पडेल इतकीच उजळणी येथे करतो. माइकला एका रेझिस्टरमधून वीज मिळते आणि त्याच्यावर उमटलेला आवाजाचा संकेत १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसवर जातो (बेस, कलेक्टर आणि एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय). बेसवरून ग्राउंडला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असतो. उच्च वारंवारतेसाठी तो बेसला ग्राउंडशी बांधून टाकतो. कलेक्टर आणि धन टोक यांच्यामध्ये कॉइल आणि ट्रिमर समांतर जोडलेले असतात, त्यांना टँक म्हणतात. कलेक्टरवरून एमिटरवर जाणारा ५ ते १० पिकोफॅरडचा कपॅसिटर थोडी ऊर्जा परत पाठवतो आणि त्यामुळे आंदोलने चालू राहतात. आवाजाने बेसचा व्होल्टेज बदलला की ट्रान्झिस्टरच्या आतली कलेक्टर आणि बेस यांमधली धारिता किंचित बदलते, तिच्याबरोबर टँकची वारंवारता बदलते, आणि हेच एफएम मॉड्युलेशन.

टँकची वारंवारता कॉइलचे प्रवर्तन (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) आणि एकूण धारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त असते. १०० नॅनोहेन्री आणि २५ पिकोफॅरड घेतले तर सुमारे १००.७ मेगाहर्ट्झ मिळतात. आता तारेच्या एका सेंटीमीटरला ढोबळमानाने १० नॅनोहेन्री प्रवर्तन असते. म्हणजे कॉइलचे पाय एक सेंटीमीटर जास्त ठेवले तर वारंवारता जवळपास ५ मेगाहर्ट्झने खाली येते. तुमचा हात जवळ आल्याने धारितेत केवळ ०.१ पिकोफॅरडची भर पडली, तरी ती ०.२ मेगाहर्ट्झने सरकते, आणि तेवढ्याने रेडिओवरचे स्टेशन हातचे जाते. किटबरोबरच्या कागदावर हे लिहिलेले नसते.

५. भाग ओळखून वेगळे मांडणे

एकही भाग पीसीबीवर लावण्याआधी सगळे भाग पांढऱ्या कागदावर मांडा आणि प्रत्येकाशेजारी त्याचे मूल्य (किती ओहम, किती पिकोफॅरड) लिहा. रेझिस्टरांमध्ये फसगत होते ती तिसऱ्या पट्टीत. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७० ओहम. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४.७ किलोओहम, पिवळा, जांभळा, नारिंगी म्हणजे ४७ किलोओहम. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजूनच घ्या. एमिटरवर ४७० ओहमऐवजी ४.७ किलोओहम लागला, तर प्रवाह इतका घटतो की आंदोलने सुरूच होत नाहीत.

सिरॅमिक कपॅसिटरवरचा आकडा पिकोफॅरडमध्ये वाचायचा असतो आणि तिसरा अंक पुढे किती शून्ये ते सांगतो. १०२ म्हणजे १ नॅनोफॅरड, १०३ म्हणजे १० नॅनोफॅरड, १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड. नुसते १० लिहिले असेल तर १० पिकोफॅरड. बेसवर १०२ ऐवजी १०४ गेला तर ट्रान्समीटर चालतो, पण आवाजातले वरचे सूर ग्राउंडला जातात आणि बोलणे दबलेले ऐकू येते. असे झाले की लोक बिचाऱ्या माइकला दोष देतात.

ट्रान्झिस्टरच्या बाबतीत विशेष लक्ष द्या. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली असे धरले असता २एन ३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात, तर बीसी ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर असे. पुरवठादाराने एकाऐवजी दुसरा घातला असेल, तर पीसीबीवरच्या खुणेप्रमाणे लावलेला ट्रान्झिस्टर उलटा बसतो. अंगावरचा क्रमांक भिंगातून वाचा आणि डेटाशीटशी (उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी) ताडून पाहा.

माइक उलटा करून पाहिला तर दोन टोके दिसतात. त्यांपैकी ज्या टोकापासून बारीक पट्ट्या बाहेरच्या कड्यापर्यंत गेलेल्या असतात, ते ऋण टोक. ते ग्राउंडला जाते.

६. कॉइल गुंडाळणे

किटमध्ये तयार कॉइल असेल तर ही पायरी वाचून सोडून द्या. नसेल, तर सगळ्यात जास्त वेळ येथे द्या. ०.८ मिलिमीटरच्या आसपास जाडीची एनॅमल केलेली, म्हणजे वर विद्युतरोधक थर असलेली, तांब्याची तार घ्या, ती चिमट्यात धरून एकदा ओढून सरळ करा आणि ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यावर पाच वेटोळी चिकटून गुंडाळा. किटच्या सूचनेत वेटोळ्यांची संख्या वेगळी असेल, तर ती पाळा, कारण त्यांचा ट्रिमर वेगळा असू शकतो. पूर्ण वेटोळे मोजताना तार जिथून सुरू झाली तिथेच परत आली पाहिजे. शेवटचे अर्धे वेटोळे सुटले तरी फरक पडतो.

पाचही वेटोळी चिकटलेली असताना अशा कॉइलची लांबी सुमारे ४ मिलिमीटर असते आणि २५ पिकोफॅरडबरोबर ती ९० मेगाहर्ट्झच्या जवळ पोहोचते. तीच कॉइल हलक्या हाताने ५ मिलिमीटरपर्यंत ताणली की १०० च्या आसपास येते आणि ७ मिलिमीटर केली की १०८ ओलांडते. अवघ्या ३ मिलिमीटरमध्ये जवळपास सगळा एफएम पट्टा बसतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढे कॉइलला हात लावताना आपोआप सावधपणा येतो.

दोन्ही टोकांवरचे एनॅमल ब्लेडने सर्व बाजूंनी खरवडून काढा. तांबे चकचकीत गुलाबी दिसले पाहिजे. मग त्या टोकांवर सोल्डरचा पातळ थर चढवा. सोल्डर गोळा होऊन घरंगळत असेल, तर एनॅमल अजून शिल्लक आहे. वरून सांधा छान दिसतो पण आतून जोडच नसतो, हा या किटमधला सर्वांत फसवा दोष आहे. थर चढवल्यावर मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत जोड तपासा.

७. सोल्डर करणे

आधी रेझिस्टर, मग सिरॅमिक कपॅसिटर, मग ट्रिमर, ट्रान्झिस्टर, कॉइल आणि शेवटी माइक व बॅटरीच्या तारा, असा क्रम ठेवा. प्रत्येक भाग पीसीबीला शक्य तितका टेकवून बसवा आणि पाय मागच्या बाजूने सांध्याजवळ कापा. ट्रान्झिस्टर मात्र तीन-चार मिलिमीटर वर राहिला तरी चालतो, नाहीतर तो जास्त तापतो.

आयर्नचे टोक पॅड आणि पाय या दोघांना एकाच वेळी टेकवा, क्षणभर थांबा, सोल्डर तार सांध्याला लावा, टोकाला नव्हे, आणि दोन-तीन सेकंदांत आयर्न उचला. सोल्डर थिजेपर्यंत भाग हलू देऊ नका, नाहीतर सांधा मळकट, दाणेदार दिसतो; त्यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. ट्रिमरचे अंग प्लॅस्टिकचे असेल तर ते उष्णतेने पाघळते, म्हणून त्याच्या दोन पायांच्या मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. ट्रिमर दोन्ही बाजूंनी बसत असेल, तर त्याच्या स्क्रूशी जोडलेला पाय धन टोकाच्या बाजूला ठेवा. ती बाजू उच्च वारंवारतेच्या दृष्टीने शांत असते, त्यामुळे फिरवताना हाताचा परिणाम कमी होतो. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा, कारण बहुतेक स्वस्त सोल्डरमध्ये शिसे असते.

८. वीज देणे आणि स्टेशन लावणे

बॅटरी लावण्याआधी पीसीबीवर ती जिथे जोडायची त्या दोन टोकांमधला रोध मोजा. शून्याजवळ आला तर कुठेतरी सोल्डरचा पूल झाला आहे. सर्व ठीक असेल, तर पहिल्यांदा मल्टिमीटर मालिकेत जोडून प्रवाह पाहा. ९ व्होल्टवर असे सर्किट साधारण ५ ते १५ मिलिअँपिअर घेते. ५० च्या पुढे गेला तर ताबडतोब बॅटरी काढा. प्रवाह शून्य असेल, तर कॉइलचे एनॅमल किंवा ट्रान्झिस्टरची दिशा तपासा.

अँटेना अजून जोडायचा नाही. रेडिओ दोन मीटरवर ठेवा आणि ट्रिमरच्या पट्ट्या एकमेकींवर पूर्ण येतील अशा स्थितीत तो फिरवा. तेव्हा धारिता सर्वाधिक आणि वारंवारता सर्वांत कमी असते. रेडिओ ९० च्या आसपास, जिथे कोणतेच स्टेशन नाही आणि नुसती खरखर आहे अशा जागी लावून तिथेच सोडा. आता ट्रिमर अतिशय हळू फिरवा. येथे नवखे लोक आपला आवाज ऐकू येण्याची वाट पाहतात, पण आधी येते ती शांतता. तुमची वाहक लहर, म्हणजे ट्रान्समीटरची आवाजाविना मूळ लहर, रेडिओच्या वारंवारतेवर आली की खरखर एकदम बंद पडते. तिथेच थांबा, हात मागे घ्या आणि माइकवर नखाने टिचकी मारा. रेडिओतून टकटक आली, तर ट्रान्समीटर चालू झाला. रेडिओ फार जवळ असेल तर कर्कश शीळही उठते, कारण स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. ती शीळ म्हणजे सर्व साखळी जोडली गेल्याची खूण आहे, रेडिओ दूर नेला की ती थांबते.

यानंतर एक तपासणी जवळजवळ कोणीच करत नाही आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुतेक साध्या रेडिओंमध्ये मधली वारंवारता, म्हणजे आलेला संकेत आत जिच्यावर बदलून घेतला जातो ती, १०.७ मेगाहर्ट्झ असते आणि तिच्यामुळे रेडिओला त्याच्या सुईपेक्षा २१.४ मेगाहर्ट्झ वरचे जोरदार संकेतही पुसटसे ऐकू येतात. याचा अर्थ असा की ८९.६ वर ऐकू येणारा तुमचा ट्रान्समीटर प्रत्यक्षात १११ वर, विमानांच्या पट्ट्यात, बोलत असू शकतो. म्हणून रेडिओ सात-आठ मीटर दूर न्या. खरा संकेत टिकतो, खोटा लवकर नाहीसा होतो. दुसऱ्या बनावटीच्या, शक्यतो डिजिटल ट्यूनिंगच्या, रेडिओवरही त्याच आकड्यावर ऐकू आला, तर निर्धास्त व्हा. शंका राहिली तर बॅटरी काढा, कॉइलची वेटोळी जवळ दाबा आणि पुन्हा खालून सुरुवात करा.

९. काहीच ऐकू येत नसेल तर

एमिटरच्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजा आणि त्याला रेझिस्टरच्या ओहममधल्या मूल्याने भागा. ४७० ओहमवर २.८ व्होल्ट असतील, तर सुमारे ६ मिलिअँपिअर प्रवाह आहे आणि ट्रान्झिस्टर जागा आहे. आता कॉइलच्या कलेक्टरकडच्या टोकाला बोट लावा. आंदोलने चालू असतील, तर हा व्होल्टेज किंचित हलतो. तसे झाले की सर्किट चालू आहे, फक्त पट्ट्याबाहेर आहे, आणि काम कॉइलपुरते उरते. अजिबात हलला नाही, तर कलेक्टर आणि एमिटर यांमधला ५ ते १० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि बेसवरचा १०२ यांची जागा व सांधे तपासा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये लावायचा १०३ कपॅसिटर विसरला गेला असेल, तर तोही लावा.

वाहक लहर मिळते पण आवाज येत नाही, असे असेल तर माइक उलटा लागला आहे किंवा त्याचा सांधा सुटला आहे. माइकच्या टोकांवर काही व्होल्ट दिसले पाहिजेत, पण बॅटरीइतके पूर्ण नव्हेत. आवाज फाटत असेल, तर तोंड माइकपासून हातभर दूर ठेवा. ही किटे खोलीतले बोलणे टिपण्यासाठी केलेली असतात.

१०. वारंवारता सरकू नये म्हणून

बॅटरी उतरत जाते तशी ट्रान्झिस्टरची आतली धारिता बदलते आणि स्टेशन हळूहळू सरकते. ७८एल०५ हा छोटा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) मध्ये घालून सर्किट ५ व्होल्टवर चालवले, तर बॅटरी ७ व्होल्टपर्यंत उतरली तरी फरक पडत नाही. रेग्युलेटर बसवल्यावर वारंवारता एकदा नव्याने लावावी लागते. भिंतीतल्या अडॅप्टरवर हे सर्किट चालवू नका. त्याच्या विजेतला कमी-अधिकपणा सरळ वारंवारतेवर उमटतो आणि रेडिओतून सतत गुणगुण येते.

कॉइल हलू नये म्हणून ट्यूनिंग झाल्यावर तिच्यावर मेणाचे दोन थेंब टाका. मेण थंड झाल्यावर वारंवारता थोडी खाली आलेली असेल, ती ट्रिमरने सावरून घ्या. धातूच्या डबीत ट्रान्समीटर बसवून डबी ग्राउंडला जोडली की हाताचा परिणाम जवळजवळ संपतो, मात्र कॉइल आणि डबीची भिंत यांमध्ये निदान कॉइलच्या व्यासाइतके अंतर ठेवा आणि ट्रिमरसाठी झाकणाला भोक पाडा, कारण झाकण लावल्यावर वारंवारता पुन्हा सरकतेच.

नियम परवानगी देत असतील तरच अँटेना जोडा. १०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ७५ सेंटीमीटर भरते, पण ती लांबी या किटला नकोच. अँटेना थेट टँकला लागलेला असल्याने लांब तार वाऱ्याने हलली तरी स्टेशन हलते. खोलीपुरते ऐकायला १० सेंटीमीटर तार पुरते. वापर झाला की बॅटरी काढून ठेवा. पुष्कळ किटांना स्विच नसतो आणि रेडिओ बंद केला तरी ट्रान्समीटर चालूच राहतो.